मोसमातला पहिला स्की-दिवस : गुलमर्गला येणाऱ्या ग्राहकांसाठी

हे माहितीपत्रक पूर्वी स्की केलेल्या आणि या हिवाळ्यात पुन्हा गुलमर्गला येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. मागच्या मोसमात जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करू, असं धरून पहिल्या सकाळी उतारावर उभं राहणं सर्वांत जास्त नडतं. वळणं डोक्याला आठवतात, पण मांड्यांची सवय मोडलेली असते. म्हणून आमच्या कार्यक्रमात पहिला दिवस अर्धाच आहे, आणि तो अर्धाच राहावा असा आमचा आग्रह आहे.

पायांची तयारी, निदान सहा आठवडे आधी

गड चढताना दम लागतो आणि उतरताना मांड्या भरून येतात. स्कीमधलं काम हे दुसऱ्या प्रकारचं. स्नायू लांब होत असतानाच वजन पेलत राहतो, त्यामुळे नुसतं धावणं किंवा सायकल पुरत नाही. आठवड्यातून तीन दिवस हे करा: भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, ३० सेकंदांपासून वाढवत ९० सेकंदांपर्यंत, तीन वेळा, जिन्याच्या पायरीवरून एकेक पाय अगदी सावकाश खाली टेकवणं, प्रत्येक पायाने १२ वेळा, आणि एका पायावर मिनिटभर तोल. पुण्याची मंडळी रविवारी सिंहगड किंवा पर्वतीच्या पायऱ्या करत असतील, तर चढताना हवी तेवढी घाई करा, पण उतरताना वेळ घ्या. उतरताना गुडघा दुखत असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

प्रवासाच्या आधीचे तीन दिवस जड व्यायाम बंद. सवय नसलेल्या श्रमाचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवतं. ते बरोबर घेऊन येऊ नका.

स्वतःचं साहित्य असेल तर

आपल्याकडचा पावसाळा स्कीच्या साहित्याला मानवत नाही. मुंबई-कोकणात तर माळ्यावर ठेवलेल्या स्कीच्या पोलादी कडांना गंज धरतोच. वरवरचा गंज कडा घासायच्या रबरी दगडाने निघतो. खड्डे पडले असतील तर कड दुकानातूनच घासून घ्यावी लागते. तळ कडेजवळ पांढुरका, कोरडा दिसत असेल तर त्याला मेण हवं. घरच्या कपड्यांच्या इस्त्रीने मेण लावू नका. तिचं तापमान वरखाली होतं आणि वाफेच्या भोकांत मेण भरतं. मेणाची इस्त्री हलती ठेवावी; धूर आला म्हणजे ती जास्त तापली. मेण पूर्ण गार झाल्यावर, निदान अर्ध्या तासाने, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

बुटांचं दुखणं वेगळं. अनेक बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं, आणि दमट हवेत हा पदार्थ आतून कुजत जातो. ट्रेकिंगच्या जुन्या बुटांचा तळ अचानक सुटतो, त्याचंही कारण बहुतेकदा हेच. बाहेरून धडधाकट दिसणारं कवच पहिल्या थंड सकाळी बकल आवळताना तडकू शकतं. बूट आठ-दहा वर्षांचे असतील तर ते आणण्याआधी आमच्याशी बोला. नव्या बुटांचा तळ चालायला सोपा, वक्र असेल तर तो जुन्या बाइंडिंगला (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला) चालेलच असं नाही. न जुळणाऱ्या जोडीत बूट वेळेवर सुटत नाही.

भाड्याचे बूट

पहिला दिवस बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक माप मोठा घेतलेला बूट. स्की-बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरी भिंतीला टाच लावून मोजा आणि दोन्ही पायांचे आकडे आम्हाला कळवा. २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं कवच सहसा एकच असतं, म्हणून अर्ध्या मापावर अडून राहू नका. दुकानात आतला मऊ बूट काढा, नुसत्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. त्याहून जास्त असेल तर टाच उचलली जाते, पाऊल घसरू नये म्हणून बोटं आवळली जातात आणि तळवा पेटतो.

मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडीच्या भीतीने दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय अधिक गार पडतात. थर्मलचा पाय बुटाच्या वरच संपायला हवा. आत घडी राहिली तर तासाभरात नडगीवर वळ उठतो. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, आधी घोट्याजवळचं बकल, मग वरची, चवड्यावरची सर्वांत शेवटी आणि सैल.

बाइंडिंगचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बूट सुटावा ते, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून ठरतो. वजन कमी सांगणं किंवा कौशल्य फुगवणं इथे थेट गुडघ्यावर येतं. आकडा जास्त झाला तर पडताना स्की सुटत नाही. कमी झाला तर चालत्या वळणात सुटते. गेल्या मोसमानंतर वयाची पन्नाशी गाठली असेल तर आवर्जून सांगा. प्रमाणित तक्त्यात तिथे आकडा एक पायरी खाली येतो.

पहिली रात्र

गुलमर्गची उंची सुमारे २,६५० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ७२ टक्के. त्यामुळे श्रीनगरहून सकाळी येऊन दुपारी स्की असा बेत आम्ही आखत नाही. एक रात्र वर काढायची. पाणी भरपूर, जेवण बेताचं, मद्य नाही. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर सकाळी संकोच न करता सांगा. टंगमर्गच्या पुढचे सुमारे १३ किलोमीटर बर्फ पडल्यावर साखळ्या लावलेल्या गाडीनेच होतात, म्हणून पोहोचायला उशीर धरून चाला. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं.

सकाळी उतारावर

सुरुवात गोंडोलाच्या (केबल कारच्या) खालच्या, नवशिक्यांच्या उतारावरून होईल. तुम्ही मागच्या वर्षी कोंगडोरीवरून (गोंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथून) आरामात उतरला असाल, तरीही. दहा मिनिटं सपाटीवर चालून अंग गरम करा. बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ झाडा. तो चिकटलेला राहिला तर बाइंडिंग बंद झाल्यासारखं वाटतं, पण पहिल्याच धक्क्याला सुटतं. मग एकाच स्कीवर पायाने ढकलत दोन्ही बाजूंनी फिरा, त्यानंतर कडा सोडून आडवं घसरणं आणि पुन्हा कडा धरून थांबणं. हे घसरणं जमलं की मोसमभराचा अर्धा आत्मविश्वास परत येतो. आमचे प्रशिक्षक त्यावर वेळ घेतात तो यासाठीच. पुढे स्कीची टोकं जवळ आणून मोठी, सावकाश वळणं.

उतारावर वर ओढून नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टच्या चकतीवर बसू नका. ती तुम्हाला ओढते, पेलत नाही. बसलात की मागे पडाल. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून एकाच हातात धरा.

उताराची भीती वाटली की शरीर आपोआप मागे जातं, आणि नेमकी तिथेच स्की ताब्यातून सुटते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे का, एवढं एकच तपासत राहा. पडलात तर घसरण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका. मागे बसलेल्या अवस्थेत उठताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका असतो.

गॉगल कपाळावर चढवू नका, घामाची वाफ आत जाते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. ऊन बर्फावरून परतून तिथे पोहोचतं.

दोन ते तीन तासांनी थांबायचं. वळण उशिरा सुरू होऊ लागलं, मांडी थरथरली, एकाच जागी दोनदा पडणं झालं, तर त्याआधीच. ‘शेवटची एक फेरी’ त्या दिवशी नको. गोंडोलाचा अफरवत डोंगरावर नेणारा दुसरा टप्पाही पहिल्या दिवशी नाही. तिथला बर्फ यंत्राने सारखा केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका असतो; ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा शोध लागावा म्हणून अंगावर ठेवायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि जाणता गाइड यांच्याशिवाय आम्ही कोणालाही नेत नाही.

संध्याकाळी

खोलीवर येऊन पडून न राहता पंधरा मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. सोप्या उतारावर सावकाश सुरुवात केली की त्या मोकळ्या होतात. सांधा सुजला असेल तर मात्र स्की नाही. बुटांचं आतलं अस्तर रात्री बाहेर काढून वाळवा, पण बुखारीपासून (खोलीतल्या काश्मिरी शेगडीपासून) लांब, कारण उष्णतेने ते आकसतं. अस्तर परत घातल्यावर बकलं सैलसर लावून बूट खोलीतच ठेवा. व्हरांड्यात राहिलेलं कवच सकाळी इतकं कडक होतं की पाय आत जात नाही.