खुबा बदलण्याची तारीख ठरली? आधी मापं घ्या, मग सामान मागवा

खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णासाठी आमच्याकडून वॉकर, कमोड खुर्ची, संडासाची उंच सीट किंवा काठी नेणाऱ्या कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. शस्त्रक्रिया कशी होते, सांधा कोणत्या प्रकारचा घ्यायचा, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलंच असेल. आमचा विषय त्यापुढचा आहे: घरी आल्यावर कशावर बसायचं आणि कशाच्या आधाराने उठायचं.

आमच्याकडे येणारे बहुतेक फोन डिस्चार्जच्या दिवशी येतात. "पेशंट निघालेत, तासाभरात पोचतील, वॉकर आणि कमोडची खुर्ची पाठवून द्या. उंची पाच फूट चार इंच आहे." आम्ही सामान पाठवतो. पण केवळ उंचीवरून पाठवलेली खुर्ची बरेचदा बदलून द्यावी लागते. पाच फूट चार इंच उंचीच्या दोन माणसांत एकाचं धड लांब असतं, तर दुसऱ्याचे पाय. खुर्चीसाठी लागतं ते जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचं अंतर. हे एक माप आधी हाती नसल्यामुळे आमच्या माणसाची दुसरी फेरी होते, परत आलेली खुर्ची पुन्हा निर्जंतुक करावी लागते, आणि तोवर तुमचा रुग्ण घरात असेल त्या बुटक्या आसनावर बसतो. खरं नुकसान या शेवटच्या गोष्टीत आहे.

बसण्याच्या उंचीला एवढं महत्त्व का

नवा सांधा म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेली वाटी आणि मांडीच्या हाडात ठोकलेल्या दांड्यावरचा गोळा. गोळा वाटीत टिकून राहतो तो भोवतालचे स्नायू आणि सांध्याचं आवरण यांच्या ताणावर. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर मागचे काही छोटे स्नायू आणि आवरण सोडवून पुन्हा शिवलेलं असतं. ते भरून येईपर्यंत मांडी पोटाकडे नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडली, पायावर पाय टाकला किंवा पाऊल आतल्या बाजूला वळलं, तर गोळा मागून वाटीबाहेर निसटू शकतो. यालाच सांधा निखळणं म्हणतात, आणि त्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

बुटक्या, मऊ सोफ्यावर बसलं की बूड खाली रुततं आणि गुडघे खुब्याच्या वर येतात. म्हणजे नव्वद अंशांची मर्यादा बसतानाच ओलांडली जाते. उठताना तर माणूस आणखी पुढे वाकतो, कारण वाकल्याशिवाय खोल आसनातून उठताच येत नाही. सांध्यासाठी सगळ्यांत वाईट क्षण हाच. "बसवताना आम्ही दोघं धरतो" असं घरचे सांगतात, पण उठताना मांडी किती दुमडते हे धरणाऱ्याच्या हातात नसतं, ते आसनाच्या उंचीवर ठरतं. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहिला पाहिजे, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने झाली असेल तर पथ्यं वेगळी असतात. तिथे पाय मागे ताणणं आणि पाऊल बाहेर वळवणं टाळायला सांगतात. काही सर्जन हल्ली फारशी बंधनं घालतच नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या कागदावरच्या सूचनांचा फोटो आम्ही मागून घेतो. या पत्रकातलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळत नसेल, तर डॉक्टरांचंच ऐका.

माप कसं घ्यायचं

रुग्णाला घरात वापरायची पादत्राणं घालून टणक खुर्चीवर बसवा. पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेलं हवं, गुडघा काटकोनात. टेपने जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजा आणि त्यात दोन इंच, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर, मिळवा. बसायच्या जागेची ही कमीत कमी उंची. दुखण्यामुळे तसं बसता येत नसेल तर उभं राहून चांगल्या पायाचं माप घेतलं तरी चालेल.

उदाहरण घेऊ. लवणीपर्यंतचं माप सतरा इंच आलं, तर आसन एकोणीस इंचांचं हवं. संडासाची सध्याची सीट जमिनीपासून सोळा इंचांवर असेल, तर तीन इंच कमी पडतात. वर बसवायच्या सीट साधारणपणे दोन, चार आणि सहा इंचांच्या येतात, त्यातली चार इंचांची घ्यायची. सहा इंचांची घेऊन "जास्त उंच तर जास्त सुरक्षित" असा विचार करू नका. पाय लोंबकळले की सगळा भार मांडीच्या मागच्या बाजूवर येतो आणि उठताना पायाला जमीन सापडत नाही.

आसन मोजताना त्यावर कोणीतरी बसलेलं असू द्या. इथे फार जण फसतात. गादी किंवा उशी रिकामी असताना एकोणीस इंच भरते, आणि माणूस बसला की सोळावर येते. पलंगही असाच मोजा: कडेला माणूस बसवून, दबलेल्या गादीच्या उंचीपर्यंत. पलंग कमी पडत असेल तर पायांखाली खोलगट, पाय आत रुतून बसतील असे ठोकळे लावा. सुटे, सपाट ठोकळे सरकतात.

वॉकरचं माप वेगळं. पादत्राणं घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजायचं. मूठ त्या उंचीला आली की वॉकर धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण पंधरा ते तीस अंश. वाकावं लागू नये म्हणून काही जण वॉकर मुद्दाम उंच करतात. मग खांदे कानांकडे चढतात, हातांवर भार देता येत नाही आणि सगळं वजन नव्या सांध्यावर जातं. उंची ठरवणारं बटण चारही पायांवर सारख्याच क्रमांकाच्या छिद्रात आहे आणि प्रत्येक बटण पूर्ण बाहेर आलंय, हे रोज एकदा बघा.

ही सगळी मापं शस्त्रक्रियेच्या आधी घ्या. नंतर पायाला सूज असते, रुग्ण धड ताठ उभा राहत नाही, आणि अनेकांना आपला पाय लांब झाल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा ती आखडलेल्या स्नायूंमुळे होणारी जाणीव असते आणि ती हळूहळू कमी होते, पण मापाचा गोंधळ करायला तेवढी पुरते.

आम्ही एवढं का विचारतो

"नुसता वॉकर तर हवाय, त्यासाठी इतके प्रश्न कशाला?" असं आम्हाला अनेकदा ऐकावं लागतं. खुर्चीच्या पायांना ठरावीक वजन पेलतं, म्हणून वजन विचारतो, आणि ते खरं सांगावं ही विनंती. कोणत्या पायाची शस्त्रक्रिया आहे हे विचारतो, कारण पलंगाची उतरायची बाजू आणि काठीचा हात त्यावर ठरतो. संडासाच्या दाराची रुंदी विचारतो, कारण वॉकर दारातून आडवा करून नेणारा माणूस त्या क्षणी आधाराविना उभा असतो.

वर बसवायची सीट स्वस्त पडते म्हणून ग्राहक ती मागतात, आणि आम्ही बरेचदा हातांची कमोड खुर्ची सुचवतो. त्यामागे कारण आहे. उठताना दोन्ही हातांनी खुर्चीचे हात खाली दाबून उठायचं असतं. वॉकर धरून स्वतःला ओढून घ्यायचं नाही, तो उलटतो. नुसत्या सीटला हात नसतात, मग रुग्ण टॉवेलच्या दांडीला किंवा बेसिनला धरतो, आणि या दोन्ही गोष्टी माणसाचा भार पेलण्यासाठी बसवलेल्या नसतात. भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडा आधीच असेल तर नुसती सीट पुरेल, आणि तसं आम्ही सांगतोही.

पूर्वी खुबा बदलल्यावर रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात ठेवत. सर्जन जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला तेव्हा सुरुवातीचं चालणं-उठणं परिचारिकांच्या नजरेखाली होत असे. आता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात आणि थोड्या दिवसांत घरी पाठवतात. लवकर हालचाल रुग्णाच्या भल्याचीच आहे. पण नाजूक आठवडे त्यामुळे घरात जातात, आणि म्हणून घर आधी तयार लागतं.

वॉकर कधी सोडायचा

याचं उत्तर तारखेत देता येत नाही. वॉकर सोडून चालताना लंगडणं दिसत असेल, तर अजून वेळ आहे. लंगडत चालण्याची सवय लागली की ती मोडायला फिजिओथेरपिस्टला फार कष्ट पडतात. भाडं वाचावं म्हणून लवकर परत करू नका, आणि त्यांनी सोडा म्हटल्यावर ठेवूनही घेऊ नका.

पुढची पायरी काठीची. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पाय उजवा, तर काठी डाव्या हातात. एका पायावर उभं राहताना दुसरीकडची कंबर खाली झुकू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावतात. विरुद्ध हातातली काठी तो झुकाव खालून थोपवते आणि दुखऱ्या बाजूच्या स्नायूंचं काम हलकं होतं. त्याच बाजूला धरली तर माणूस काठीवर कलतो आणि लंगडणं वाढतं. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय. वळताना त्या पायावर गिरकी घ्यायची नाही, छोटी पावलं टाकत वळायचं.

जमिनीवर पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा, बूट चढवायला लांब दांड्याचं शूहॉर्न, मोजे घालायचं साधन: या तीन कामांसाठी माणसं सगळ्यांत जास्त वाकतात, म्हणून या छोट्या वस्तू संचातच देतो. कुशीवर झोपायची परवानगी मिळाली की गुडघ्यांमध्ये जाड उशी हवी, ती घरचीच चालते. मोटारीत बसताना सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करा, आधी पाठमोरं बसा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या.

आम्हाला नव्हे, डॉक्टरांना फोन करा

खुब्यात अचानक तीव्र कळ आली, पाय आखूड किंवा वळलेला दिसू लागला आणि त्यावर भार देता येईनासा झाला, तर रुग्णाला उभं करू नका, रुग्णवाहिका बोलवा. छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं हीसुद्धा तातडीचीच लक्षणं. पोटरी दुखून सुजली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा. जखमेतून स्राव, वाढता लालपणा किंवा ताप असेल तरीही डॉक्टरांना लगेच कळवा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण घ्यायच्या, आणि अंथरुणात असताना घोटे वरखाली हलवत राहायचे.

मागणी आणि परतावा

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी फोन करा. चार मापं तयार ठेवा: लवण, मनगट, संडासाची सीट, माणूस बसलेला पलंग. त्यासोबत वजन, दाराची रुंदी आणि शस्त्रक्रियेचा पाय सांगा. आमचा माणूस शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीपर्यंत सामान लावून, रुग्णाला स्वतः बसवून पाहून जाईल. डॉक्टरांच्या सूचनेनुसार साधारण सहा ते बारा आठवडे साधनं लागतात, म्हणून कमोड खुर्ची, उंच सीट आणि वॉकर भाड्यानेच घ्या, विकत घ्यायची गरज नाही. महिन्याचं भाडं आठवड्याच्या हिशोबापेक्षा परवडतं. काठी मात्र विकत घ्या, ती पुढेही उपयोगी पडते.

प्रत्येक साधन निर्जंतुक करून, त्याच्या पायांच्या टोकांना नवे रबरी बूट लावून देतो. वापरात रबर गुळगुळीत झालं तर कळवा, बदलून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. परत करताना पायांची उंची बदलू नका: आम्ही ती तुमच्या नावासमोर नोंदवून ठेवतो, आणि दुसऱ्या खुब्याची वेळ आली तर पुन्हा मोजावं लागत नाही.