बंडी उलाळते तसं विमानही

कापसाची सगळी गाठोडी मागच्या बाजूला रचली की जू वर उचललं जातं आणि बंडी उलाळते. सगळी पुढे रचली की बैलांच्या मानेवर भार येतो. वजन मात्र दोन्ही वेळी तेवढंच. गोंदियाजवळ बिरसीला विमान शिकणाऱ्या पोरांना उड्डाणाआधी करावा लागणारा हिशेब मुळात हाच. फक्त बंडी उलाळली तर खाली उतरून गाठोडी सरकवता येतात.

सेसना १७२ एस हे चार आसनांचं विमान घेऊ. उड्डाणाच्या वेळी कमाल वजन १,१५७ किलो. इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, म्हणजे फायरवॉल, हे शून्य. तिथून प्रत्येक वजन किती मीटर मागे आहे, तो त्याचा आर्म. वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटच्या बेरजेला एकूण वजनाने भागलं की गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, हाती येतो.

रिकामं विमान ७६० किलो, आर्म १.०० धरू. (खरा आकडा त्याच विमानाच्या वजनपत्रकातून घ्यायचा, रेडिओ बदलला तरी तो बदलतो.) समोर दोघे मिळून १५५ किलो, आर्म ०.९४. मागे दोघे १४५ किलो, आर्म १.८५. पेट्रोल १०० लिटर, लिटरला ०.७२ किलो, म्हणून ७२ किलो, आर्म १.२२. सामान २० किलो, आर्म २.४१. वजन भरलं १,१५२ किलो, मोमेंट १,३१०, सीजी १.१४ मीटर. एवढ्या वजनाला मर्यादा साधारण १.०४ ते १.२० मीटर. जमलं. पण टाकी पूर्ण, म्हणजे २०० लिटर भरली, तर वजन कमाल मर्यादेपेक्षा ६७ किलोंनी जास्त होतं. आसनं चार आहेत म्हणून चार माणसं आणि भरलेली टाकी एकत्र चालतातच असं नाही.

आता पेट्रोल तेवढंच ठेवून समोर ६० किलोचा एकटा वैमानिक, मागे नव्वद-नव्वद किलोचे दोघे आणि ५४ किलो सामान बसवा. वजन १,१२६ किलो, आधीपेक्षा २६ किलो कमी. सीजी मात्र १.२१, मर्यादेबाहेर. मागच्यातला एक समोर आणला की पुन्हा १.१४.

सीजी फार मागे गेला की नाक आपोआप वर जायला बघतं, आणि स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर नाक खाली आणायला शेपटीचा जोर अपुरा पडतो. फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलत नाही, पुढचं चाक आधी आपटतं. पेट्रोल जळतं तसा सीजी सरकतो, म्हणून उतरतानाचा हिशेबही आधीच करायचा. आणखी एक नेहमीची चूक: पुस्तिकेत पाउंड-इंच, आपला काटा किलोचा, आणि बेरीज दोन्हींची एकत्र.

वजन-तोल दोन्ही बसले तरी मे महिन्याची दुपार उरतेच. बिरसी समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर; ४५ अंशाला तिथली हवा विमानाला जवळपास ४,८०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. धावपट्टी जास्त खर्च होते, चढण मंदावते. अशा वेळी एक माणूस उतरवा, नाहीतर पहाटे उडा.