घरी छापलेल्या रंगीत छायाचित्रांचे फिकटणे

इंकजेट प्रिंटरवर घरी छापलेल्या छायाचित्रातील रंग काही महिन्यांत किंवा वर्षांत उडतात, अथवा त्यांची छटा बदलते. याचा दोष सहसा एकट्या उन्हाला दिला जातो. वास्तविक शाई, कागद, प्रकाश आणि हवा या चौघांचा त्यात वाटा असतो.

घरगुती प्रिंटरांत पुष्कळदा विद्राव्य रंजकांची, म्हणजे ‘डाय’ प्रकारची शाई असते. रंजकाचा रेणू प्रकाशातील ठरावीक तरंगलांबी शोषतो, म्हणूनच तो रंगीत दिसतो. परंतु शोषलेली हीच ऊर्जा, विशेषतः ऑक्सिजनच्या सान्निध्यात, रेणूतील रंग देणारी बंधरचना मोडते आणि तो रंगहीन होतो. अतिनील किरणांनी ही हानी अधिक वेगाने होते, तथापि दृश्य प्रकाशही ती घडवतो. पिगमेंट शाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म घन कण असतात. कणाच्या पृष्ठभागावरील रेणू नष्ट झाले तरी आतले झाकलेले राहतात, त्यामुळे असे चित्र सामान्यतः कितीतरी अधिक टिकते.

कागदाची भूमिका मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. छापताच कोरड्या होणाऱ्या चकचकीत फोटो कागदावर बहुधा सिलिका किंवा अॅल्युमिना यांचा सच्छिद्र थर असतो. शाई त्यात चटकन शोषली जाते खरी, पण त्याच छिद्रांतून हवेतील ओझोन वायू रंजकापर्यंत पोचून त्याचे रेणू मोडतो, आणि म्हणून उघड्यावर ठेवलेले चित्र अंधाऱ्या खोलीतही फिकटू शकते. 2000 साली बाजारात आलेल्या काही प्रिंटरांच्या चित्रांत सायन (हिरवट निळा) रंजक ओझोनमुळे झपाट्याने नष्ट होऊन चित्रे नारिंगी दिसू लागली होती. शाईने फुगणाऱ्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर असलेला कागद रंजकाला वेढून वायूंपासून जपतो. तो सावकाश सुकतो आणि दमटपणात त्यावरील रंग पसरण्याची भीती असते.

शाईतले सायन, किरमिजी (मॅजेंटा) आणि पिवळा हे तिन्ही मूळ रंग एकाच वेगाने उडत नाहीत. त्यामुळे समतोल ढळतो, आणि एकसारख्या फिकटपणापेक्षा चेहऱ्यांवरची ही परकी छटाच डोळ्यांना अधिक खुपते.

काचेच्या चौकटीमुळे हवेचा संपर्क व अतिनील किरणांचा बराच भाग टळतो, दृश्य प्रकाश टळत नाही. म्हणून पूर्ण सुकलेले चित्र चौकटीत घालून थेट उजेडापासून दूर लावावे, किंवा अल्बममध्ये कोरड्या, थंड जागी ठेवावे. उत्पादक टिकाऊपणाची जी वर्षे सांगतात, ती तीव्र प्रकाशातील वेगवान चाचण्यांवरून काढलेली आणि विशिष्ट शाई व विशिष्ट कागदाच्या जोडीपुरती असतात. काडतुसात दुसरी शाई भरली की ती लागू राहत नाहीत.