टॅबलेटला पोर्ट हवा का?

‘आता सगळेच बिनतारी झाले आहे, तेव्हा टॅबलेटच्या कडेला भोक ठेवण्याचे कारणच उरलेले नाही,’ असे विधान गेली काही वर्षे वारंवार ऐकू येते. कीबोर्ड आणि हेडफोन ब्लूटूथवर चालतात, फाइली वायफायवरून जातात आणि काही उपकरणे तर नुसती तबकडीवर ठेवली तरी चार्ज होतात, त्यामुळे हे विधान वरवर पटण्यासारखे वाटते. मला ते पटत नाही. त्याचे कारण त्या भोकाच्या आत जे घडते त्यात आहे, आणि ते समजून घेण्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

हा वाद टॅबलेटइतकाच जुना आहे. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा त्याला ३० पिनांचा ॲपलचा स्वतःचा जोड होता, पण यूएसबी पोर्ट नव्हता. कॅमेऱ्यातील छायाचित्रे आयपॅडवर घ्यायची तर त्यासाठी वेगळा जोडसंच विकत घ्यावा लागे. याउलट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झालेल्या स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटला पूर्ण आकाराचा यूएसबी पोर्ट होता, आणि २०१२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘सरफेस’लाही तो होता. ॲपलने २०१८ च्या आयपॅड प्रोला टाइप-सी पोर्ट दिला खरा, पण त्यात पेनड्राइव्ह लावून फाइल उघडण्याची सोय पुढच्या वर्षी नवी संगणकप्रणाली आल्यावरच झाली. म्हणजे पोर्ट असणे आणि तो वापरू दिला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही खूणगाठ आधीच बांधलेली बरी.

बिनतारी जोडणीची मर्यादा साध्या गुणाकाराने कळते. एका छायाचित्राचे आकारमान २५ मेगाबाइट धरले, तर २०० छायाचित्रे ५ गिगाबाइटची, म्हणजे ४०,००० मेगाबिटांची होतात. नेहमीच्या ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला साधारण २ मेगाबिट असतो, त्यामुळे ही छायाचित्रे जायला पाच तासांहून अधिक वेळ लागेल. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात त्याच्या निम्माच मिळाला तरी हे काम तीन मिनिटांच्या आत होते. वायफाय ही तफावत बरीच भरून काढते, पण ते समोरच्या उपकरणातही असावे लागते, आणि पेनड्राइव्हमध्ये किंवा शाळेतल्या यूएसबी सूक्ष्मदर्शकात बहुधा वायफाय नसते आणि बॅटरीही नसते. त्यांना माहितीबरोबर वीजही त्याच तारेतून मिळते, आणि हवेतून ती अशी देता येत नाही. संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो आणि तेवढ्या विलंबात तालाला धरून वाजवणे अशक्य होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच भोकात चार्जर, पेनड्राइव्ह, बाहेरचा पडदा (मॉनिटर) आणि संगणक हे सगळे लावता येते. मग टॅबलेटला समोर कोण आहे हे कळते कसे?

यूएसबी १९९६ साली आले. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्या चमूचे नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आहेत. मूळ रचनेत एक यजमान आणि बाकीचे त्याच्या आज्ञेत चालणारे, अशी स्पष्ट विभागणी होती. यजमान संगणकाला चपटा आयताकृती पोर्ट असे, तर प्रिंटरला चौकोनी, आणि त्यामुळे दोन यजमान चुकूनही एकमेकांना जोडले जात नसत. टॅबलेटने ही व्यवस्था अडचणीत आणली, कारण संगणकाला जोडला की तो आज्ञाधारक असतो आणि पेनड्राइव्ह लावला की त्याला यजमान व्हावे लागते. त्यावर ‘ऑन-द-गो’ ही तोड निघाली. तिच्यात लहान पोर्टला पाचवी पिन दिली होती आणि ती तारेच्या टोकाशी जमिनीच्या (म्हणजे शून्य व्होल्टच्या) वाहकाला जोडलेली असली की टॅबलेट यजमान होई. मात्र वीज पुरवण्याचे कामही यजमानाकडेच असल्यामुळे पेनड्राइव्ह लावलेला टॅबलेट त्याच वेळी चार्ज करणे सहसा जमत नसे.

२०१४ साली आलेल्या टाइप-सी रचनेने हा गुंता ज्या रीतीने सोडवला, ती मला गेल्या काही दशकांतल्या अत्यंत देखण्या अभियांत्रिकींपैकी एक वाटते. या पोर्टमध्ये २४ संपर्कबिंदू असतात. त्यांतले चार विजेचे, चार जमिनीचे, चार यूएसबी २.० चे, आठ अतिवेगवान माहितीचे आणि दोन इतर कामांसाठी राखीव असतात. उरलेल्या दोघांना सीसी१ आणि सीसी२ म्हणतात, आणि सारी जादू या दोघांत आहे. तारेत मात्र सीसीची वाहिनी एकच असते. वीज घेणारे उपकरण आपल्या दोन्ही सीसी बिंदूंवर ५.१ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) बसवून तो जमिनीला जोडते. वीज देणारा आपल्या बाजूला दुसरा रोधक बसवून तो ५ व्होल्टला जोडतो. तार जोडली की हे दोन रोधक एकसरीत, म्हणजे एकामागोमाग एक, येतात आणि मधल्या बिंदूवर ५ व्होल्टचा काही भाग दिसू लागतो. देणाऱ्याचा रोधक ५६ किलोओहमचा असेल तर तेथे सुमारे ०.४ व्होल्ट मिळतात, २२ चा असेल तर सुमारे ०.९ आणि १० चा असेल तर सुमारे १.७. पहिल्या आकड्याचा अर्थ ‘नेहमीचा यूएसबीचा प्रवाह घे’, दुसऱ्याचा ‘दीड अँपिअरपर्यंत घे’ आणि तिसऱ्याचा ‘तीन अँपिअरपर्यंत घे’ असा होतो. हे व्होल्ट सीसी१ वर दिसले की सीसी२ वर, यावरून तार सुलटी घातली आहे की उलटी, हेही कळते. रोधक सापडेपर्यंत टाइप-सी पोर्टच्या वीजबिंदूंवर वीज सोडलीच जात नाही.

टॅबलेटला दोन्ही भूमिका करायच्या असल्यामुळे तो आपल्या सीसी बिंदूंवर घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा वेश आलटून पालटून सेकंदाला दहा ते वीस वेळा धारण करत राहतो, आणि समोर पूरक वेश दिसला की थांबतो. सुरुवातीला वीज देणारा तोच यजमान ठरतो. परंतु त्यानंतर त्याच सीसी वाहिनीवरून दोन्ही उपकरणे अंकीय संदेशांची देवाणघेवाण करू शकतात आणि विजेची भूमिका तशीच ठेवून माहितीची भूमिका तेवढी अदलाबदल करू शकतात. एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या हबमध्ये चार्जर आणि पेनड्राइव्ह दोन्ही लावल्यावर टॅबलेट वीज घेत असूनही यजमान राहतो, तो या अदलाबदलीमुळे. कडेला चार पोर्ट असावेत ही जुनी मागणी यामुळे बरीचशी निकालात निघाली आहे.

याच संदेशांतून चार्जर आपण ५, ९, १५, २० यांपैकी कोणते व्होल्ट देऊ शकतो याची यादी सांगतो, टॅबलेट त्यातून निवड करतो आणि त्यानंतरच व्होल्ट वाढतात. म्हणून ‘लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावल्यास टॅबलेट जळतो’ असे जे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. वॅटचा आकडा ही चार्जरची क्षमता असते, आणि किती घ्यायचे ते टॅबलेट ठरवतो. खरा धोका वाईट तारेत आहे. जुन्या चपट्या पोर्टमधून टाइप-सीकडे नेणाऱ्या तारेत ५६ किलोओहमचा रोधक असणे बंधनकारक आहे. गूगलमधील अभियंते बेन्सन लुंग यांनी २०१५ साली बाजारातल्या अशा तारा स्वतः तपासल्या, तेव्हा काहींमध्ये १० किलोओहमचा रोधक आढळला. अशी तार टॅबलेटला तीन अँपिअर मिळतील असे खोटेच सांगते आणि पलीकडच्या बिचाऱ्या जुन्या पोर्टवर नको इतका भार पडतो.

आकार सारखा म्हणून क्षमता सारखी, असे मात्र समजू नये. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडला टाइप-सी पोर्ट मिळाला, पण त्याचा वेग सन २००० च्या यूएसबी २.० चाच, सेकंदाला ४८० मेगाबिट, ठेवला गेला; अतिवेगवान माहितीसाठीचे ते आठ बिंदू तेथे त्या कामाला जुंपलेलेच नाहीत. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या टॅबलेटना टाइप-सी सक्तीचा केला आणि भारतीय मानक ब्युरोनेही या जोडासाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३ हे मानक स्वीकारले आहे. युरोपच्या सक्तीचा भर चार्जिंगवर आहे आणि माहितीचा वेग त्यात ठरवून दिलेला नाही. त्यामुळे टॅबलेट विकत घेताना तपशिलांच्या यादीत टाइप-सीच्या पुढे यूएसबी २.० लिहिले आहे की त्याहून वेगवान ३.२, आणि त्यातून पडदा जोडता येतो की नाही, हे वाचूनच पैसे द्यावेत.

पोर्टमुळे उपकरण जाड होते, हा आक्षेपही आता टिकत नाही, कारण २०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाड आहे आणि त्यालाही सेकंदाला ४० गिगाबिट वेगाचा पोर्ट आहे. झिजेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, तरी त्याचाही विचार रचनेत झालेला आहे. टाइप-सी जोड १०,००० वेळा घालण्या-काढण्यासाठी आखलेला असतो. दिवसाला दोन वेळा धरले तर ही तेरा वर्षांहून अधिक काळाची बेगमी झाली. शिवाय झिजणाऱ्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या तारेच्या टोकात ठेवल्या आहेत, त्यामुळे आधी तार निकामी होते आणि ती बदलता येते. तार सैल बसू लागली तर पुष्कळदा दोष आत साचलेल्या धाग्यांच्या बोळ्याचा असतो. टॅबलेट बंद करून, लाकडी दातकोरणीने, मधल्या जिभेला धक्का न लावता तो अलगद काढावा. सुई किंवा टाचणी आत घालू नये.