फ्रीलान्स डिझायनरचा ग्राहक-करार

कुठेही नोकरीला नसलेला, स्वतःच्या नावावर कामे घेणारा डिझायनर आणि त्याला काम देणारा ग्राहक यांच्यात काम सुरू होण्याआधी होणारा लेखी ठराव. लोगो, पाकिटाचे डिझाइन, पुस्तकाचे मुखपृष्ठ, वेबसाइट, दुकानाची पाटी अशा कोणत्याही कामासाठी तो होऊ शकतो. नेमके काय करून द्यायचे, त्यात किती वेळा बदल करायचे, पैसे केव्हा मिळणार आणि तयार झालेले डिझाइन कोणाच्या मालकीचे, हे त्यात ठरते. बोलण्यात त्याला सर्रास ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. पुष्कळदा ‘कोटेशन’लाच करार समजले जाते, पण कोटेशन हा फक्त प्रस्ताव असतो. ग्राहकाने तो मान्य केला म्हणजे करार होतो.

महाराष्ट्रात अशी कामे बहुतेक ओळखीतून येतात. भावाच्या मित्राचे हॉटेल, शाळेतल्या बाईंच्या मुलीचे बुटीक, सोसायटीतल्या काकांची पतसंस्था. ‘तू कर तर, पैशाचं बघू’ या वाक्यावर काम सुरू होते, आणि कागद मागितला की समोरच्याला तो अविश्वास वाटतो. पण कलेच्या धंद्यात आधी ठरवून, इसार घेऊन कामाला लागण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. गावोगावच्या जत्रांच्या हंगामाआधी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. डिझायनरने मागितलेला अ‍ॅडव्हान्स हीही तशीच सुपारी आहे.

कायद्याच्या दृष्टीने तोंडी करारही करारच असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार करार करण्यास सक्षम असलेल्या दोन्ही बाजूंची मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश असला की करार होतो. एरवी तो लेखी असलाच पाहिजे असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेले करार ग्राह्य धरते. केवळ ईमेलच्या देवाणघेवाणीतूनही पक्का करार होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘ओके, करा सुरू’सुद्धा निरुपयोगी नसते. अडचण येते ती पुराव्याची. लेखी करारावर आधारलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त (लवकर निकाली निघणारा) दावा लावता येतो. नुसत्या तोंडी बोलण्यावर ती वाट मिळत नाही.

करारातला सर्वांत महत्त्वाचा भाग कामाच्या आवाक्याचा, आणि नेमका तोच सर्वांत घाईत लिहिला जातो. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाचे उदाहरण घेऊ. ‘पाकिटाचे डिझाइन : १’ एवढेच लिहिलेले असते. २०० ग्रॅमचे पाकीट पसंत पडते, आणि मग निरोप येतो : ‘आता ५० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि किलोचं पण द्या, फक्त साइज बदलायची आहे.’ प्रत्यक्षात मांडणीच नव्याने करावी लागते. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, घटकांची यादी, असल्यास पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, किंमत, बारकोड आणि बॅच क्रमांकासाठी मोकळी जागा लागते. वजन व किमतीचे आकडे किती उंचीचे असावेत हे आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत ठरलेले आहे. मोठ्या पाकिटावर सुखाने बसलेला तक्ता ५० ग्रॅमच्या पाकिटावर बसतच नाही. म्हणून करारात पाकिटांची संख्या, प्रत्येकाचे माप, भाषा आणि द्यायच्या फायलींचे प्रकार लिहावेत. ‘यात न धरलेले’ असा वेगळा परिच्छेद करून फोटोग्राफी, मजकूर लेखन, छपाईची देखरेख, समाजमाध्यमांच्या पोस्ट हे सगळे त्यात घालावे. या परिच्छेदामुळे जेवढे वाद टळतात, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कलमामुळे टळत नसतील.

दुरुस्त्यांच्या फेऱ्या याच भागात येतात. साधारण दोन किंवा तीन फेऱ्या मूळ रकमेत धरतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीचा दर आधीच लिहितात. फेरी म्हणजे काय हेही लिहावे लागते : ग्राहकाने सगळे बदल एकत्र, एकाच वेळी कळवायचे. नाहीतर सकाळी रंग, दुपारी अक्षराचा आकार आणि रात्री अकराला ‘लोगो अजून थोडा मोठा’ असे तीन निरोप येतात आणि ती एक फेरी की तीन यावर हुज्जत होते. पसंती देणारा माणूसही एकच असावा, आणि त्याचे नाव करारात असावे. घरच्या धंद्यात वडील, मुलगा आणि सून तिघेही आपापली पसंती कळवतात, तिघांची मते वेगळी पडतात. त्यांनी आपसात ठरवून एकाच तोंडाने बोलावे, हे कागदावर असले की डिझायनरला घरच्यांच्या वादात पडावे लागत नाही.

मराठी मजकुराच्या कामात मुद्रितशोधनाची (प्रूफ तपासण्याची) जबाबदारी कोणाची, हे कलम टाळू नये. ग्राहकाकडून मजकूर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये येतो. तो युनिकोडमध्ये आणताना रफार उडतो, जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्वाची वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते. प्लास्टिकच्या पाकिटांची छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होत असेल तर प्रत्येक रंगासाठी एक असे कोरीव सिलिंडर बनते. चूक सिलिंडरवर गेली की ते पुन्हा कोरून घ्यावे लागते. म्हणून ‘छपाईआधी अंतिम प्रूफ वाचून ग्राहकाने सही करायची, त्यानंतर आढळलेल्या मजकुराच्या चुकांचा छपाई खर्च डिझायनरवर नाही’ असे स्पष्ट लिहितात. फाँटचा परवाना कोणी विकत घ्यायचा हेही सांगावे. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली असल्याने व्यावसायिक कामात विनामूल्य चालतात. बाकी फाँटचे परवाने मात्र ग्राहकाच्या नावावर घ्यावेत.

मालकीच्या प्रश्नावर गैरसमज फार आहेत. पैसे दिले म्हणजे डिझाइन आपले, असे ग्राहक धरून चालतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ तसे म्हणत नाही. कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. पण फ्रीलान्सर नोकर नसतो, त्यामुळे हा अपवाद त्याला लागू होत नाही. याच कलमात आणखी एक बारकावा आहे. छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा उत्कीर्णन (कोरून केलेले चित्र) पैसे देऊन करून घेतले असेल, तर वेगळे काही ठरलेले नसल्यास पहिली मालकी करून घेणाऱ्याची होते. रेखाटन या यादीत नाही. त्यामुळे एकाच मुखपृष्ठातले छायाचित्र आणि अक्षररचना यांची मालकी दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकते. हे करारात निस्तरले नाही तर पुढे गुंता होतो.

हक्क ग्राहकाकडे जायचे असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित करावे लागतात. काय, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहिले नाही तर कायदा रिकाम्या जागा स्वतःच भरतो : मुदत ५ वर्षे, प्रदेश भारत. हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरला नाही तर, वेगळे ठरलेले नसल्यास, तो हस्तांतर करणाऱ्याकडे परत जातो. ग्राहकाच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे, म्हणून नीट लिहिलेला करार त्याच्याही हिताचा. डिझायनरने एक वाक्य मात्र सोडू नये : ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील.’ नापसंत झालेले पर्याय, कच्ची रेखाटने आणि मूळ संपादनयोग्य फायली कोणाकडे राहणार हेही इथेच येते. कर्त्याचे नाव लागण्याचा आणि कलाकृतीची विटंबना रोखण्याचा हक्क कलम ५७ नुसार हस्तांतरानंतरही कर्त्याकडेच राहतो. आपल्या पोर्टफोलिओत काम दाखवण्याची मुभा मात्र वेगळी मागून घ्यावी लागते. कॅरोलिन डेव्हिडसनने १९७१ मध्ये नायकेचे बोधचिन्ह ३५ डॉलरमध्ये करून दिले आणि कंपनीने पुढे तिला समभाग दिले, ही गोष्ट डिझायनर आवडीने सांगतात. समभाग हा कंपनीचा चांगुलपणा होता, कागदावरचा हक्क नव्हे, हे सांगायचे राहून जाते.

पैशांचे हप्ते टप्प्यांना बांधलेले असावेत. निम्मे आधी आणि निम्मे अंतिम फायली देण्याआधी ही पद्धत रूढ आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते आणि ती काम घेण्याआधीच केलेली बरी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठराव असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठराव नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. करारात ‘९० दिवसांत पेमेंट’ लिहून घेणाऱ्या ग्राहकालाही ही मर्यादा चुकत नाही. याउलट उशिरासाठी स्वतःच्या मनाने जबर दंड लिहिला तर करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. जीएसटी रकमेत धरला आहे की वेगळा, आणि टीडीएस (ग्राहकाने आधीच कापून घेतलेला आयकर) कापल्यावर हाती किती येणार, हेही आधीच बोलून घ्यावे.

काम मध्येच थांबले तर तोवरच्या टप्प्याचे पैसे मिळतील, अ‍ॅडव्हान्स परत होणार नाही, वाद कोणत्या शहराच्या न्यायालयात जाईल, ही कलमे छोटी असली तरी चालतात. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत न्यायालयाचे कलम प्रत्यक्षात फारसे उपयोगी पडत नाही. चार-पाचशे डॉलरसाठी कोणी पुण्याहून टेक्सासला खटला लढायला जात नाही. तिथे आगाऊ रकमेचा वाटा वाढवणे हाच उपाय.

करार इंग्रजीतच हवा असे कुठेही नाही. सांगली-साताऱ्याच्या दुकानदारापुढे इंटरनेटवरून उतरवलेला सहा पानी इंग्रजी मसुदा ठेवला की तो घाबरतो, किंवा न वाचता सही करतो. दोन्ही वाईटच. त्याला दोन पाने मराठीत द्यावीत आणि समोर बसून एकदा मोठ्याने वाचावीत. ‘यात न धरलेले’पाशी आल्यावर तो हमखास थांबतो आणि विचारतो, ‘म्हणजे फोटो आम्हीच काढून द्यायचे का?’ त्याचे उत्तर ठरवून, पेनाने समासात लिहून, दोघांनी तिथे सही करायची.