कोऱ्या संगणकात पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स टाकताना

नवा संगणक पहिल्यांदा चालू केलात की पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडद्यावर एकतर बूट डिव्हाइस (ज्यावरून संगणक सुरू होतो ती डिस्क) सापडत नसल्याचा इंग्रजी निरोप दिसेल किंवा थेट बायोस, म्हणजे मदरबोर्डवरची मूळ सेटिंगची प्रणाली, उघडेल. यंत्र बिघडलेले नाही. आम्ही संगणक जोडतो, रॅम आणि डिस्क तपासतो, बायोस अपडेट करतो आणि डिस्क कोरी ठेवूनच तो तुमच्या ताब्यात देतो. त्यात विंडोज टाकायचे की लिनक्स, हे तुम्ही ठरवायचे. हे काम स्वतः करू इच्छिणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. ज्यांना हा व्याप नको असेल त्यांनी तसे सांगावे, आम्ही करून देऊ.

बॉक्समध्ये तयार पेनड्राइव्ह का ठेवत नाही, असे बरेच जण विचारतात. दुसऱ्याने बनवलेल्या पेनड्राइव्हमध्ये काय भरले आहे हे तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो, मग तो आम्ही बनवलेला का असेना. शिवाय कपाटात कित्येक महिने पडलेल्या प्रतीवरून विंडोज टाकले, तर पुढे अपडेट उतरवण्यातच अर्धा दिवस जातो. मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत घेणे केव्हाही बरे.

पेनड्राइव्ह तयार करणे

यासाठी चालू स्थितीतला दुसरा संगणक लागतो. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. १६ किंवा ३२ जीबीचा असला तर ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) ठेवायलाही जागा उरते. त्याच्यावरचे सगळे पुसले जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नका. फुकट मिळालेले, नाव-गाव नसलेले पेनड्राइव्हही टाळा. वर ६४ जीबी छापलेले आणि आत प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही जागा नसलेले नग सर्रास फिरतात. अशा पेनड्राइव्हवर फाइल लिहिली गेल्यासारखी दिसते, पण वाचायला गेलात की निम्मी गायब असते. मग इन्स्टॉलेशन मध्येच कुठेतरी थांबते आणि दोष नव्या संगणकावर येतो.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल वापरा. ते विंडोज उतरवून पेनड्राइव्हवर स्वतःच नीट मांडते, तुम्ही फक्त भाषा आणि पेनड्राइव्ह निवडायचा. हे टूल विंडोजवरच चालते. लिनक्सच्या बाबतीत आधी उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी हवी ती आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत असलेली एकच फाइल) त्यांच्या अधिकृत पानावरून घ्यायची आणि रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहायची.

इथेच बहुतेकांचे घोडे अडते. आयएसओ फाइल नेहमीसारखी कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट केली तर काम होत नाही. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरची यूईएफआय प्रणाली (बायोसचे नवे रूप) पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ पद्धतीने आखलेल्या भागात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्यात 'बूट' आणि त्यात 'बूटएक्स६४' ही फाइल शोधते. ती सापडली तरच पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होऊ शकतो. आयएसओ तशीच ठेवली तर तिच्या पोटातली ही फाइल यूईएफआयला दिसतच नाही. काही जण आयएसओ उघडून आतल्या फाइली हाताने कॉपी करतात. तीही गाडी विंडोजच्या बाबतीत अनेकदा अडते, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधली मुख्य फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी असते. वरची टूल्स या अडचणींतून वाट काढण्यासाठीच आहेत.

लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार झाल्यावर विंडोजमध्ये लावलात तर 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असे विचारले जाऊ शकते. नाही म्हणा. विंडोजला त्यावरची मांडणी वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हो म्हटलेत तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आयएसओ उतरवली असेल तर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) त्याच पानावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा तो काढून देते. इंटरनेट मध्येच तुटून फाइल अर्धवट राहिली असेल तर ते इथेच उघडकीला येते.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक काम, आणि हे चुकवू नका. पेनड्राइव्हवर 'ड्रायव्हर' नावाचा फोल्डर करून त्यात मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर ठेवा. मदरबोर्डचे पूर्ण नाव आम्ही बॉक्सच्या आतल्या चिठ्ठीवर लिहून दिले आहे. विंडोज ११ पहिल्या मांडणीच्या वेळी इंटरनेट मागते. बोर्ड नवा असला की वायफायचा ड्रायव्हर विंडोजच्या पोतडीत नसण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, असा पेच पडतो. त्यातूनही अडकलातच तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू करा. सहसा तेवढ्याने वाट मोकळी होते.

बूट मेनू

संगणक बंद असताना पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. मग चालू करून लगेच बूट मेनूची कळ टिचकवत राहा. असूसच्या मदरबोर्डवर ती एफ८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. बायोसमध्ये जायला डिलीट किंवा एफ२.

बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रमच बदलायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. आमचे मत वेगळे आहे: क्रमाला हात लावू नका, बूट मेनू वापरा. त्यातली निवड फक्त त्या एका वेळेपुरती असते. क्रमात पेनड्राइव्ह कायमचा पहिला ठेवलात तर फाइली कॉपी झाल्यावर संगणक पुन्हा सुरू होताना परत पेनड्राइव्हवरच जातो आणि भाषा निवडायचा पहिला पडदा समोर येतो. काही जण इमानदारीने पुन्हा सगळे करतात, पुन्हा तेच होते. तसे झालेच तर पेनड्राइव्ह काढून संगणक रीस्टार्ट करा.

मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. यूईएफआयवाला निवडा. नुसत्या नावाचा निवडला तर जुन्या बायोस पद्धतीने सुरुवात होते आणि पुढे 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, ती जीपीटी आहे' असा निरोप येतो (जीपीटी म्हणजे डिस्क आखण्याची नवी पद्धत). आम्ही दिलेल्या संगणकात ही जुनी पद्धत, म्हणजे सीएसएम, बंद ठेवली आहे. ती बंदच असू द्या. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीच्या फाइली चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) ही चालू आहेत, कारण विंडोज ११ ला टीपीएम लागते आणि संगणकात सिक्युअर बूटची सोय असावी लागते. बायोसमध्ये टीपीएम असे नाव सापडले नाही तर गोंधळू नका. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने असते. उबुंटू आणि फेडोराही सिक्युअर बूट चालू असताना व्यवस्थित चालतात.

डिस्क निवडणे

बाकी सगळीकडे चूक झाली तर वेळ जातो. इथे चुकलात तर डेटा जातो. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जुन्या संगणकातली फोटो-कागदपत्रांची डिस्क नव्यात बसवायची असेल तर ती आधी बसवू नका. बसवली असेल तर संगणक बंद करून, प्लग काढून, तिची केबल सोडवा. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा जोडा. याला दोन कारणे आहेत. चुकून तीच डिस्क पुसली जाऊ नये, हे पहिले. दुसरे फारसे कुणी सांगत नाही: जुन्या डिस्कवर आधीचा ईएफआय भाग असेल तर विंडोज आपली सुरू होण्याची फाइल तिथे टाकू शकते. विंडोज नव्या डिस्कवर, किल्ली जुन्या डिस्कवर. पुढे ती जुनी डिस्क काढली की नवा संगणक सुरूच होत नाही, आणि विंडोज तर नव्या डिस्कवर आहे मग झाले काय, हे लवकर लक्षात येत नाही.

विंडोजच्या अलीकडच्या आवृत्तीत सुरुवातीलाच 'सर्व फाइली, अ‍ॅप आणि सेटिंग पुसली जातील हे मान्य आहे' अशा चौकटीत खूण करावी लागते. ती केली म्हणून लगेच काही पुसले जात नाही. कुठे काय पुसायचे हे पुढच्या डिस्कच्या यादीत ठरते.

त्या यादीत डिस्क आकारावरून ओळखायची. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची सुमारे ४६५. आम्ही कमी क्षमतेची दिली असे नाही. डिस्क बनवणारे १०० कोटी बाइटला १ जीबी म्हणतात आणि विंडोज १०७ कोटींहून थोड्या जास्त बाइटला, त्यामुळे हा फरक दिसतो. तुमचा पेनड्राइव्हही या यादीत असू शकतो. आकार पाहिलात की फसगत होणार नाही. कोरी डिस्क 'अनअलोकेटेड स्पेस' या एकाच ओळीत दिसेल. ती निवडा आणि पुढे चला. आधीच सी, डी असे भाग पाडत बसू नका. विंडोज स्वतः १०० एमबीचा ईएफआय भाग, १६ एमबीचा राखीव भाग आणि दुरुस्तीसाठी एक भाग करून घेते. डी ड्राइव्ह हवाच असेल तर तो नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून करता येतो.

यादी रिकामीच आली तर? इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या काही संगणकांत डिस्क व्हीएमडी या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेमागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हरही पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर' वर जाऊन तो दाखवला की डिस्क हजर होते. हा ड्रायव्हर सुट्या फाइलींच्या रूपात हवा, सेटअपची एक्झी फाइल इथे चालत नाही. दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा, पण तो विंडोज टाकण्याआधीच करायचा. चालू विंडोजखालून ही व्यवस्था बदलली तर निळा पडदा पाहावा लागतो.

'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' असा निरोप मात्र दिशाभूल करतो. लोक ड्रायव्हर शोधत फिरतात, आणि बहुतेक वेळा दोष पेनड्राइव्हचा, त्यावर लिहिलेल्या प्रतीचा किंवा पोर्टचा असतो. आधी पोर्ट बदला, मग पेनड्राइव्ह पुन्हा तयार करून पाहा.

लिनक्सवाल्यांना एक सोय आहे. उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरूनच 'ट्राय' करता येते. आवाज, वायफाय, ब्लूटूथ चालतात का हे डिस्कला हात न लावता पाहा आणि मगच इन्स्टॉलचे बटण दाबा.

टाकून झाल्यावर

फाइली कॉपी होत असताना टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थबकते, संगणक दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू होतो. हे चालायचेच. मध्येच बटण दाबून बंद करू नका.

प्रॉडक्ट की म्हणजे २५ अक्षरांची किल्ली. कंपनीच्या तयार लॅपटॉपमध्ये ती बहुधा बायोसमध्येच कोरलेली असते. आम्ही जोडलेल्या संगणकात तसे नसते, ती तुमची तुम्ही घ्यायची. किल्ली होमची असेल तर होमच निवडा, प्रोची असेल तर प्रो. किल्ली हाताशी नसेल तर 'प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय घेऊन पुढे जाता येते, नंतर भरता येते. तोवर पडद्याच्या कोपऱ्यात आठवण दिसत राहील आणि रंग-चित्र बदलता येणार नाही, बाकी काम चालते. फुकटात विंडोज चालू करून देणारे 'अ‍ॅक्टिव्हेटर' मात्र आमच्या संगणकावर कृपया चालवू नका. जो प्रोग्रॅम चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगतो, त्याच्यावर भरवसा कसला?

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने मांडणी केली की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, तीही गाजावाजा न करता. पुढे कधी बायोस अपडेट केले किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच खात्यात जाऊन पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. ही की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा आम्हालाच काय, कुणालाही काढून देता येत नाही.

ड्रायव्हरसाठी आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली आहे का ते पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हीडिया किंवा एएमडीच्या पानावरून त्याचा ड्रायव्हर घ्या. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात टाकतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांची गरज नाही.

पेनड्राइव्हला लगेच फॉरमॅट मारू नका. उद्या विंडोज सुरू होईनासे झाले तर त्याच पेनड्राइव्हवरून दुरुस्तीचा पर्याय उघडता येतो.

कुठे अडलात तर आम्हाला फोन करण्याआधी पडद्याचा फोटो काढा, त्यात निरोपातले आकडे आणि अक्षरे नीट वाचता आली पाहिजेत. पेनड्राइव्ह कोणत्या टूलने बनवला आणि बूट मेनूत कोणती ओळ निवडली, हेही सांगा. संगणक घेऊनच येणार असाल तर तो पेनड्राइव्ह सोबत आणा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आमच्याकडे आहेत.