एकच गोष्ट दुसऱ्यांदा: जुन्या ॲनिमेंच्या रिमेकमागचा इतिहास

'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये मेझ ह्यूज नावाचा एक लष्करी अधिकारी आहे. खिशात लेकीचे फोटो घेऊन फिरणारा आणि भेटेल त्याला ते दाखवून पिडणारा. तो मारला जातो. २००३ सालच्या मालिकेत तो पंचविसाव्या भागात जातो, २००९ सालच्या मालिकेत दहाव्या. पहिल्या वेळी तोवर त्याची आपल्याला सवय झालेली असते. दुसऱ्या वेळी नीट ओळख होते न होते तोच फोन बूथपाशी गोळी सुटते. कथा तीच, हिरोमु अराकावांचा मूळ मांगा (जपानी कॉमिक) तोच आणि स्टुडिओसुद्धा तोच, बोन्स. मग सहाच वर्षांत सगळं पहिल्यापासून पुन्हा का काढावं लागलं?

आज ॲनिमेवाल्यांच्या गप्पांत 'अमुक मालिकेचा रिमेक हवा' हे वाक्य हमखास येतं, आणि कारण म्हणून चित्रं जुनाट दिसतात असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. रिमेकच्या इतिहासात चित्रांच्या जुनेपणाचा वाटा त्या मानाने कमी आहे. खरी भानगड वेळापत्रकाची आहे.

१ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ओसामु तेझुकांचा 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे जगाला ठाऊक असलेला 'ॲस्ट्रो बॉय', सुरू झाला. दर आठवड्याला अर्धा तास कार्टून द्यायचं ही त्या काळी वेडेपणाची गोष्ट होती. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने चित्रांची संख्या कमी केली, तीच ती चित्रं फिरवून वापरली, तोंड हललं की चेहरा स्थिर ठेवला. वाहिनीकडून मिळणाऱ्या पैशांत भाग निघत नसे. तूट भरून निघाली ती आतोमुचं चित्र लावून विकलेल्या मालातून आणि परदेशी विक्रीतून. मेइजी कंपनीच्या चॉकलेटांबरोबर मिळणारे आतोमुचे स्टिकर जमवायला पोरं तुटून पडत. मालिका १९३ भाग चालली आणि जपानी टीव्ही ॲनिमेचा साचा तिथेच ठरला: दर आठवड्याचा रतीब, कमीत कमी चित्रं, आणि हातात आधीपासून लोकप्रिय असलेला मांगा. पुढे १९८० मध्ये ती रंगीत होऊन पुन्हा आली, २००३ मध्ये आणखी एकदा. म्हणजे रिमेकची परंपरा चांगलीच जुनी म्हणायला हरकत नाही.

या साच्यात एक गोम आहे. साप्ताहिकातला मांगा आठवड्याला अठरा-वीस पानं पुढे सरकतो, आणि वीस-बावीस मिनिटांचा एक भाग त्यातली दोन-तीन प्रकरणं सहज गिळतो. त्यामुळे मालिका कितीही मागून सुरू केली तरी वर्षा-दोन वर्षांत ती मांगाच्या मानेवर येऊन बसते. मग करायचं काय? मालिका थांबवली तर वाहिनीवरची वेळ हातची जाते. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकात सर्रास पाणी घातलं गेलं, ज्याला आपण आज 'फिलर' म्हणतो. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये खलनायक फ्रीझा सांगतो की पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. ती पाच मिनिटं आठवड्यांमागून आठवडे संपत नाहीत. (आपल्याकडे रोजच्या मालिकेत सासूने मान वळवायला तीन दिवस घेतलेले पाहिलेत, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.) ही मालिका १९८९ ते १९९६ अशी २९१ भाग चालली. २००९ मध्ये तोएई स्टुडिओने त्याच जुन्या चित्रफितींची काटछाट करून 'ड्रॅगन बॉल काई' काढली, तेव्हा सेल नावाच्या खलनायकाच्या पर्वापर्यंतचा, म्हणजे मूळ १९४ भागांचा, ऐवज शंभर भागांच्या आत बसला. म्हणजे जवळजवळ निम्मं पाणीच होतं.

पाणी घालायचं नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच शेवट रचायचा. २००३ च्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'ने हाच धरला, आणि तो चोरून नव्हे, तर अराकावांच्या संमतीने. मांगा २००१ मध्ये सुरू झालेला, मोजकेच खंड बाहेर आलेले. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा यांनी अर्ध्या वाटेवर कथा वेगळ्या अंगाने वळवली आणि ५१ भागांत संपवली. ती वाईट आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिच्यातला शोक २००९ च्या 'ब्रदरहूड'पेक्षा जास्त मुरलेला आहे, ह्यूजचा मृत्यू हा त्याचाच पुरावा. पण ती अराकावांची कथा नव्हती, एवढं खरं. 'ब्रदरहूड'ने ६४ भागांत मांगा जसाच्या तसा नेला, आणि वेळ असा साधला की मांगाचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये छापून आलं आणि मालिका जुलैत संपली. सुरुवातीचे प्रसंग मात्र तिने भरधाव उरकले. प्रेक्षकाने पहिली मालिका पाहिलीच असणार हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. रिमेकचा हा एक जुना दोष आहे: तो नव्या माणसासाठी काढलेला असतो, पण बोलतो जुन्या माणसाशी.

'ब्रदरहूड' चालली आणि इतरांची भीड चेपली. 'हंटर एक्स हंटर'चं १९९९ सालचं रूप निप्पॉन ॲनिमेशनने ६२ भागांवर, यॉर्कन्यू शहराच्या पर्वातच थांबवलं होतं. पुढचं थोडं थेट व्हिडिओवर काढलेल्या मालिकांतून आलं. २०११ मध्ये मॅडहाउसने पहिल्यापासून सुरुवात करून १४८ भाग केले आणि मुंग्यांचं ते लांबलचक, अंगावर येणारं पर्व पडद्यावर आणलं. ते पर्व जुन्या मालिकेच्या नशिबातच नव्हतं, कारण १९९९ मध्ये ते लिहिलंच गेलं नव्हतं. तरी जुन्या मालिकेतला यॉर्कन्यूचा काळोख मला नव्यापेक्षा जवळचा वाटतो, आणि असं म्हणणारा मी एकटा नाही.

'फ्रूट्स बास्केट'ची कहाणी याहून खासगी आहे. २००१ ची मालिका २६ भागांची, हसरी, लोकांना आवडलेली. मूळ लेखिका नात्सुकी ताकाया यांना मात्र ती रुचली नव्हती. मांगा २००६ मध्ये २३ खंडांत पूर्ण झाला. २०१९ मध्ये नवी मालिका ठरली तेव्हा त्यांचा आग्रह होता की कलाकार आणि तंत्रज्ञ सगळे नवे हवेत. तीन पर्वांत मिळून ६३ भाग झाले, आणि जुन्या मालिकेने अर्ध्यावर सोडलेली सोमा घराण्याची सगळी कीड उघड्यावर आली. लेखकाला आपली गोष्ट परत मिळण्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

काही मालिका मांगाने नव्हे, टीआरपीने मारल्या. 'स्पेस बॅटलशिप यामातो' १९७४ मध्ये ३९ भागांची ठरली होती. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' लागायची, आणि आल्प्समधल्या त्या पोरीपुढे अंतराळातलं लढाऊ जहाज टिकेना. २६ भागांत गाशा गुंडाळावा लागला. पुनःप्रक्षेपणात आणि मग चित्रपटगृहात ती गाजली ही नंतरची गोष्ट. २०१२ मध्ये आलेल्या 'यामातो २१९९'ने तोच प्रवास पुन्हा २६ भागांतच सांगितला, पण सावकाश, आणि एकाच बाईच्या भरवशावर चाललेल्या त्या जहाजावर आणखी बायकांना कामं दिली. 'दोरोरो'चंही असंच. १९६९ ची कृष्णधवल मालिका, तीही २६ भागांची. तेझुकांचा मूळ मांगाच घाईने गुंडाळलेला. २०१९ मध्ये माप्पा स्टुडिओ आणि तेझुका प्रॉडक्शन्सने २४ भागांत त्याला त्याचा शेवट दिला.

इथवरच्या रिमेकना काही ना काही देणं चुकवायचं होतं. गेल्या काही वर्षांत वारं बदललंय. रुमिको ताकाहाशींची 'उरुसेइ यात्सुरा' २०२२ मध्ये परत आली ती शोगाकुकान प्रकाशनाच्या शंभरीच्या निमित्ताने. जुनीचे १९५ भाग, नवीचे निवडक ४६. २०२४ मध्ये माप्पाने 'रानमा'चा रिमेक आणला आणि मुख्य पात्रांना आवाज दिले ते १९८९ च्याच कलाकारांनी: काप्पेइ यामागुची, मेगुमी हायाशिबारा, नोरिको हिदाका. पस्तीस वर्षांनी तीच मंडळी शाळकरी पोरांचे आवाज काढताहेत. ताकायांनी सगळे नवे मागितले होते, इथे मुख्य आवाज जुनेच बोलावले.

यामागचा हिशेब साधा आहे. ॲनिमेचा खर्च एकटा स्टुडिओ करत नाही. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले असे भागीदार समिती करून पैसे घालतात. नवा मांगा चालेल की नाही हा जुगार. जुन्याचं नाव घराघरात असतं, त्याचे खंड छापून तयार असतात, ते पुन्हा विकले जातात. वर स्ट्रीमिंगवाल्यांना जगभर ओळखीचं नाव हवं असतं. शिवाय तेव्हाची पोरं आता कमावती झाली आहेत.

याच हिशेबाच्या टोकाला 'बर्सर्क' उभी आहे. १९९७ च्या २५ भागांच्या मालिकेत हालचाल फार कमी होती, स्थिर चित्रांवर आणि सुसुमु हिरासावांच्या संगीतावर ती तगली. २०१६ मध्ये तिला संगणकी त्रिमितीत पुढे नेलं गेलं, आणि प्रेक्षकांनी ते अक्षरशः धुऊन काढलं. मे २०२१ मध्ये लेखक केंतारो मिउरा गेले. रिमेकच्या कोणत्याही यादीत 'बर्सर्क' पहिल्या तिनांत असते. माझ्या मते तिला हात लावणाऱ्याने आधी १९९७ ची मालिका पाहून घ्यावी आणि कमी हालचालीत किती होतं ते मोजावं.

चित्रांच्या जुनेपणाबद्दल वर जे म्हटलं त्याचा खुलासा इथे करतो. नव्वदच्या दशकापर्यंत चित्रं पारदर्शक सेलवर रंगवून फिल्मवर उतरवली जात. फिल्म जपलेली असेल तर ती आज नव्याने स्कॅन करून लखलखीत करता येते. २००० च्या सुमारास स्टुडिओ संगणकावर रंगवू लागले आणि ते त्या काळच्या टीव्हीच्या बारक्या मापात. त्या फायलींत जेवढे ठिपके आहेत तेवढेच; वाढवायचे कुठून? म्हणून १९९३ ची मालिका आज २००३ च्या मालिकेपेक्षा ताजी दिसू शकते. रिमेकची गरज कोणाला, हे सालावरून ठरवणारे इथेच फसतात.

या इतिहासात भारताचा एक कोपरा आहे आणि त्यात मुंबईही आहे. फुजिको फुजिओ ए यांचा 'निन्जा हातोरी' जपानमध्ये १९८१ ते ८७ चालून संपला होता. भारतातल्या पोरांनी तो इतका उचलून धरला की २०१२ पासून शिन-एइ ॲनिमेशनने रिलायन्स मीडियावर्क्ससारख्या भारतीय भागीदारांना घेऊन नवे भाग काढले, आणि ते भारतात निकलोडियनवर लागले. त्याच वर्षी डिसेंबरात कलर्सवर 'सूरज: द रायझिंग स्टार' आली. ती म्हणजे 'क्योजिन नो होशी' या १९६८ च्या बेसबॉलच्या मालिकेचा रिमेक. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या गरीब वस्तीच्या जागी मुंबईची झोपडपट्टी, आणि बाप तोच, पोराला खेळाडू बनवण्यासाठी रक्त आटवणारा. मूळ मालिकेत बाप पोराच्या अंगाला लोखंडी स्प्रिंगांचा सापळा बांधतो. भारतात तो छळ वाटेल म्हणून सायकलच्या ट्यूब आल्या. पैसा सुझुकी, निसिन, ऑल निप्पॉन एअरवेज, कोकुयो अशा जपानी कंपन्यांचा. कोकुयो म्हणजे २०११ मध्ये आपल्या दांडेकरांच्या कॅम्लिनमध्ये मोठा हिस्सा घेणारी कंपनी. ढोर मेहनतीने वर येणारा साठच्या दशकातला जपान आणि तेव्हाचा भारत सारखेच, असा त्यांचा होरा होता. २६ भाग झाले. आज ती कोणाला फारशी आठवत नाही, पण दुसऱ्या देशात उचलून नेलेला रिमेक म्हणून तिच्याइतकं मजेशीर उदाहरण मला माहीत नाही.

मग आता कोणाचा नंबर? माझं पहिलं मत 'क्लेमोर'ला. नोरिहिरो यागींचा मांगा २०१४ मध्ये २७ खंडांत पूर्ण झाला. मॅडहाउसची २००७ ची मालिका २६ भागांत, अर्ध्याच्याही अलीकडे, स्वतःचा शेवट चिकटवून थांबली. नायिका क्लेअरचा सूड तिथेच लोंबकळतो. दुसरं 'सोल ईटर'ला: २००८ ची ५१ भागांची मालिका आजही देखणी आहे, बोन्सनेच केलेली, पण मांगा २०१३ पर्यंत चालला आणि कथेचा पुढचा मोठा भाग कागदावरच राहिला. तिला सगळं नव्याने काढायचीही गरज नाही, वाट जिथे सुटली तिथून पुढे गेलं तरी पुरे. यादीत लोक 'नाना'ही घालतात. आइ याझावांच्या आजारपणामुळे तो मांगा २००९ पासून थांबलेला आहे. २००६ ची ४७ भागांची मालिका होती त्या कथेशी प्रामाणिक आहे. जे लिहिलंच गेलं नाही ते पुन्हा काढणार कसं?

आणि आपल्याकडे नाना म्हटलं की आठवतो तो शेरखान. 'जंगल बुक'ही निप्पॉन ॲनिमेशनचीच, १९८९ ची ५२ भागांची मालिका. १९९३ मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज घेऊन. तिचाही रिमेक हवा असं कोणी ना कोणी म्हणतंच. पण ज्या गाण्यासाठी आपण रविवारी अंथरुणातून उठून टीव्हीपुढे बसायचो ते गुलजारांनी लिहिलं होतं आणि विशाल भारद्वाजांनी बांधलं होतं, इथे, हिंदीसाठी. जपानी पोरांनी मोगली पाहिला तो वेगळ्याच गाण्यावर.